गोफण फिरवणारा हात

जानेवारी लागला की हुरड्याची आमंत्रणं यायला लागतात आणि माझं डोकं फिरायला लागतं. यंदाही आली. मंगळवेढ्याकडे कुणाचं तरी शेत आहे, आगटी पेटणार आहे, शेंगाचटणी, गूळ, दही सगळं आहे, रविवारी सकाळी गाड्या निघणार आहेत, मॅडम यंदा तरी यायचं हं. मी दरवर्षी काहीतरी थाप मारते. आमच्या विभागातल्या लोकांना वाटतं मी माणूसघाणी आहे. थोडीफार आहेच, पण कारण ते नाही. ज्वारीचा दाणा दुधात आला की सोलापूरच्या आभाळात भोरड्या दिसायला लागतात, आणि भोरड्या दिसल्या की मला एका माणसाचा दंड आठवतो. तो मोडताना झालेला आवाज मी ऐकलेला नाही. ज्यांनी ऐकला त्यांनी सांगितला, आणि तेवढंच मला पुरलं.

भोरडी एकटी असली तर देखणी असते. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. पण ती एकटी येतच नाही. थवा येतो, वळतो, खाली सुटतो आणि उठतो तोवर कणसं नुसती बोडकी उरलेली असतात. म्हणून या दिवसांत शेताशेतात माळे उभे राहतात. चार वासे, वर फळ्या, त्यावर दिवसभर एक माणूस, हातात गोफण, पायाशी गुंड्यांचा, म्हणजे गोल दगडांचा, ढीग. थवा उतरला की हाळी द्यायची आणि गुंडा सोडायचा. पाखरू मारायचं नसतं, उठवायचं असतं. उठवलेलं पाखरू मात्र हवेत विरघळत नाही. ते शेजारच्या रानात जाऊन बसतं. मग शेजारचा उठतो, हाळी देतो, गुंडा सोडतो आणि थवा परत पहिल्याच्या रानात येतो. हे उन्हं उतरेपर्यंत चालतं. हुरडा खायला आलेल्या पाहुण्यांना त्या हाळ्या ऐकायला गोड वाटतात. दोन माळ्यांवरची माणसं एकमेकांकडे कशी बघत असतात, ते खालून दिसत नाही.

तेव्हा मी अस्थिशल्यशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते. ही शाखा नाजूक माणसांची नाही, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. आम्ही हातोडा मारतो, करवत चालवतो, ड्रिलनं भोकं पाडतो, निखळलेला खांदा जागेवर आणायला माणसाला चादरीनं बांधून दोन बाजूंनी ओढतो. ऑपरेशनच्या खोलीत जळक्या हाडाचा वास असतो आणि तो केसांत राहतो. माझ्या आईला मी डोळ्यांची डॉक्टर व्हावं असं वाटत होतं. मला मात्र हे आवडत होतं, आणि का आवडत होतं हे सांगायला मी अजूनही लाजत नाही. शरीरात जोर कुठून येतो, कुठे जातो आणि कुठे मावत नाही, हे मला बघायचं होतं.

ते दाखवलं आमच्या सरांनी. सर अक्कलकोटच्या पलीकडचे, चिडले की कन्नडमध्ये चिडायचे. त्यांनी विभागाच्या मागच्या खोलीत एका टेबलाला लोखंडी पकड आवळून ठेवली होती. शनिवारी खाटकाकडून बोकडाच्या नळ्या यायच्या, ताज्या, ओल्या. त्या आम्ही मोडायच्या. कुणी वाकवून, कुणी पिळून, कुणी हातोडीच्या एका फटक्यात. नुसतं मोडून भागायचं नाही, मोडलेल्या कडा बघून दुसऱ्यानं सांगायचं की जोर कोणत्या बाजूनं आणि कसा आला. हाड दाबाला पुरून उरतं, ताणाला त्यामानानं लवकर हार खातं. आडवा फटका बसला की हाड वाकतं, फटक्याच्या विरुद्ध अंगाला ताणलं जातं, तडा तिथून सुरू होतो आणि आडवा पार होतो. पिळलं तर तडा हाडाभोवती तिरका चढत जातो, गोल जिन्यासारखा. सावकाश जोर लावला तर नळी बिचारी थोडक्यात मोडते. झटक्यानं लावला तर ती आधी बरंच पोटात घेते, आणि मग मोडताना ते सगळं एकदम आजूबाजूच्या मांसावर सोडते. सरांच्या खोलीत रक्ताचे शिंतोडे भिंतीपर्यंत जायचे. आम्ही हात धुऊन तसेच जेवायला जायचो.

हंगामात वॉर्ड भरून जायचा. उसाच्या ट्रॉलीखाली आलेल्या मांड्या, कडब्याच्या गंजीवरून पडलेली मनगटं, विळ्यानं तुटलेल्या कंडरा. आणि भांडणं. पीक उभं राहिलं की आमच्याकडची माणसंही उभी राहतात. बांध, पाणी, वाट, काहीही पुरतं. त्या वर्षी पाखरं पुरली.

मायाप्पाला आणलं तेव्हा दुपार होती. पंचविशीतला, उंच, रापलेला, मेंढरांमागे आणि शेतात वाढलेला गडी. उजवा हात त्यानं डाव्या हातानं छातीशी धरला होता आणि त्या हाताचा पंजा मनगटापासून खाली लोंबत होता. दंडाच्या मागून हाडाला बिलगून एक मज्जातंतू जातो, मनगट वर उचलणारा. तो चेचला की पंजा असा पडतो. सोबत त्याची आई काशीबाई आणि दोन थोरले भाऊ होते. मायाप्पाची कातडी कुठेही फाटलेली नव्हती. रक्त होतं ते भावांच्या सदऱ्यांवर. मी विचारलं, तर थोरला म्हणाला की चुलतभावानं, बिरूनं, बांधावर येऊन काठीनं हात मोडला. बाकीचं त्यानं सांगितलं नाही.

बाकीचं थोड्या वेळानं पिकअपमधून आलं. गावच्या कुणीतरी आणून टाकलेला बिरू. डोकं फुटलेलं, एक डोळा सुजून बंद, बरगडीवर हात ठेवला तरी कण्हत होता. दोन्ही कोपरांखालचे हात मध्येच वाकलेले. भावांनी त्याला बघितलं आणि थोरल्यानं शेजारचा सलाईनचा लोखंडी स्टँडच उचलला. बाटली फुटली, बायका ओरडत बाहेर पळाल्या, वॉर्डबॉयनं मागून मिठी मारली तरी तो स्टँड दोनदा पलंगाच्या कठड्यावर आदळला. बिरूनं स्वतःला वाचवायला ते मोडलेलेच हात पुन्हा डोक्यावर नेले. इतक्या वर्षांत मी पुष्कळ बघितलं, पण मोडलेल्या हाडांनी मार अडवायला निघालेला माणूस तो एकच. सरांनी मध्ये येऊन थोरल्याच्या कानफटात मारली तेव्हा तो थांबला. डॉक्टरनं असं करायचं नसतं. मला मात्र ते बघून बरं वाटलं.

संध्याकाळी दोघांचे एक्सरे दिव्याच्या पेटीवर शेजारी शेजारी लावले. बिरूच्या दोन्ही हातांत करंगळीच्या बाजूचं हाड आडवं तुटलेलं. डोक्यावरचा मार हातांनी झेलला की हेच हाड पुढे येतं आणि असंच तुटतं. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. मायाप्पाच्या दंडात मात्र आडवं काहीच नव्हतं. तडा तिरका, लांबलचक, हाडाभोवती फिरत गेलेला. काठीच्या फटक्यानं असं हाड मोडत नाही. बोकडाच्या शंभर नळ्या पिळून मी ते शिकले होते.

जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की ही काठी नव्हे, हे हाड पिळून मोडलंय. हवालदार चांगला माणूस होता. त्यानं मान डोलावली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "मग बिरूनं हात धरून पिळला असंल की, मॅडम."

भाऊ दारातच उभे होते. धाकट्यानं लगेच धरून घेतलं. व्हय, पिळलाच. आमी आलो तवा ह्यो मायाप्पाच्या उरावर हुता, त्याचा हात ह्येच्या दोन्ही हातांत हुता, आमी आमच्या डोळ्यांनी बघितलं. म्हणून तर सोडवायला मारलं. माझ्या तोंडचं वाक्य घेऊन ते पोलिसांकडे गेले आणि त्यांची बाजू दुपारपेक्षा भक्कम झाली. बिरू बरा झाला की थेट कोठडीत जाणार होता आणि त्याला मारणारे भाऊ हे भावाला वाचवणारे ठरणार होते. हाड खोटं बोलत नाही असं सर म्हणायचे. त्या रात्री जेवताना मला त्यांचा राग आला. हाड पीळ दाखवतं, पिळणाऱ्याचं नाव सांगत नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. बिरू एवढंच म्हणत होता की मी मारलं न्हाय, पिळलं न्हाय. तसं तर सगळेच म्हणतात. आणि मायाप्पा, ज्याला खरं माहीत होतं, तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. विचारलं की डोळे मिटायचा.

पुरुषांचा वॉर्ड एकच, त्यामुळे दोघं एकाच खोलीत, एक खिडकीशी, एक दाराशी. बिरूपाशी कुणी नव्हतं. बायको बाळंतपणाला माहेरी, वडील कर्नाटकात मेंढरांमागे, आई तो रांगत होता तेव्हाच गेलेली. दोन्ही हात कोपराच्या वरपर्यंत प्लॅस्टरमध्ये. त्याला पाणी पाजायचं तर सिस्टरला वेळ काढावा लागे. काशीबाई मुलाला भरवायच्या आणि दाराकडे पाठ करून बसायच्या. एका दुपारी मी ड्रेसिंग करत होते तेव्हा त्या उठल्या, ताटलीत भाकरी आमटीत कुस्करली आणि सरळ दारापाशी जाऊन बिरूच्या पलंगावर बसल्या. बिरूनं ओठ घट्ट मिटले. त्यांनी घास तसाच धरून ठेवला. शेवटी त्यानं तोंड उघडलं. नंतर त्यांनीच मला सांगितलं की आई गेल्यावर बिरूला त्यांनी मायाप्पाबरोबर अंगावर पाजलं होतं. थोरल्या मुलानं त्यांना यावरून शिव्या दिल्या. त्यांनी त्याला वॉर्डात यायची बंदी केली.

लोक मला अजूनही विचारतात, हाड किती मजबूत असतं हो? मी म्हणते, तुमच्या कामाइतकं. हाड सवयीनं घडतं. रोज गोफण फिरवणाऱ्याचा उजवा दंड डाव्याहून जाड असतो. म्हणजे मायाप्पाचं हाड कच्चं नव्हतं. या कामासाठीच ते लहानपणापासून घडलेलं होतं. त्या दुपारी तो माळ्यावर पाखरंच राखत होता. मग बिरू खरं बोलत असेल, तर तेच काम करताना ते का मोडलं? हा प्रश्न मला आठवडाभर कुरतडत होता. जेवताना मी उगाच हात डोक्यावर नेऊन फिरवून बघायची. मेसमधली मुलं हसायची.

मग एका सकाळी राउंडला सर विद्यार्थ्यांना घेऊन आले आणि मला म्हणाले, याचा दंड कसा मोडला ते समजावून सांग. काशीबाई तेव्हा बिरूला भरवत होत्या. मी खिशातून खडू काढला. विद्यार्थ्यांना इंग्रजीत सांगायची पद्धत होती. मी मुद्दाम मराठीत आणि वॉर्डाच्या दारापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं. खडू वाकवला, तो आडवा मोडला. दुसरा पिळला, तो तिरका मोडला, वळसा घेऊन. मग माझाच हात वर केला. गुंडा सोडताना छातीचे आणि पाठीचे स्नायू दंडाचा वरचा भाग आत फिरवतात. कोपराखालचा हात, गोफण आणि गुंडा वजनानं मागे राहतात. वरचं टोक पुढे निघून गेलं, खालचं अजून मागेच आहे. मधलं हाड पिळलं जातं. माणसाचा दंड दुसऱ्या कुणीही हात न लावता त्याच्याच ताकदीनं मोडू शकतो.

सर म्हणाले, मग गोफणवाल्यांचे हात रोज का मोडत नाहीत?

उत्तर मला बोलता बोलता सापडलं. मी म्हटलं, कारण पाखरं उठवायला एवढा जोर कुणी लावत नाही. थवा आवाजानंच उठतो. एवढ्या जाड हाडाला मोडायचं तर गडी अंगातलं होतं नव्हतं ते सगळं लावून फेकत असला पाहिजे.

कुणाचा तरी मोबाईल वाजत होता, बाहेर गाडा ढकलत नेत होते. पण मायाप्पानं भिंतीकडची मान वळवली. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"आयं," तो म्हणाला, "त्यानं माज्या अंगाला हात लावला न्हाय. गुंडा पाखराला न्हवता. मी ह्येच्या टकुऱ्यावर टाकत हुतो."

काशीबाईंचा हात बिरूच्या तोंडापाशी थांबला. मग मायाप्पानं तुटक तुटक सगळं सांगितलं. सकाळपासून थवा इकडून तिकडे चालला होता. बिरू हाळी दिली की हसायचा. दुपारी त्यानं परत भोरड्या याच्या रानात घातल्या आणि याच्या डोळ्यांपुढं लाल झालं. मोठा गुंडा निवडला. निवडून घेतला, असं तो दोनदा म्हणाला. बिरूच्या डोक्यावर नेम धरला आणि फिरवला. कडाक्कन आवाज झाला तेव्हा त्याला वाटलं गोफण तुटली. गुंडा भलतीकडेच गेला आणि हात खाली पडला. तो माळ्यावरून कोसळला.

"मला म्हाईत हाय," बिरू म्हणाला. एका डोळ्यानं तो छताकडे बघत होता. "मी बघत हुतो की. माज्याबी गोफणीत गुंडा भरल्याला हुता. ह्येच्याच साठी."

मी विचारलं, मग सोडला का नाहीस.

त्यानं प्लॅस्टरमधले हात थोडे हलवले. "त्येचा हात पडल्याला दिसला. हात न्हाय त्येला काय मारायचं? गोफण टाकली नि पळत आलो. त्यो हात हिकडं तिकडं हालत हुता, म्हणून दोन्ही हातांनी धरला. तेवढ्यात हे दोघं आले."

म्हणजे भावांनी बघितलं ते खोटं नव्हतं. मायाप्पाचा हात त्याच्या दोन्ही हातांत होताच. मोडलेलं हाड हलू नये म्हणून आम्ही जे विद्यार्थ्यांना घोकवून शिकवतो, ते हा कुणी न शिकवता करत होता, आणि करताना त्याच्या डोक्यावर पहिली काठी पडली. मला रडू आलं आणि स्वतःचा संतापही आला. सरांनी चष्मा पुसला आणि ते कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही. मायाप्पानं त्याच दिवशी हवालदाराला जबाब दिला. बिरूवरची तक्रार सुटली. भावांवरची लागली आणि बिरूनं ती मागे घेतली नाही. घेऊ नये असंच मलाही वाटत होतं.

पण हे सगळं नंतर. त्या वेळी काशीबाईंनी थांबलेला घास बिरूच्या तोंडात घातला, त्यानं तो गिळेपर्यंत बसून राहिल्या, मग ताटली खाली ठेवून माझ्याकडे आल्या. मायाप्पाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलं होतं. त्यांनी माझा ॲप्रन धरला.

"डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या, "ह्येला खाता येऊ द्या, कापडं घालता येऊ द्या. पर हात पयल्यासारका करू नगा."

सर शेजारीच होते. त्यांनी ऐकलं, मीही ऐकलं. आमच्या शास्त्रात अशी मागणी पूर्ण करायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मायाप्पाचा दंड उघडला. मज्जातंतू हाडाच्या धारेवर पडला होता, चेचलेला पण अखंड. तो बोटानं बाजूला धरला. तिरकी टोकं एकमेकांत बसवली, ती इतकी नीट बसली की फट दिसेना. वर पोलादी पट्टी ठेवली, ड्रिल चालवलं, स्क्रू घट्ट आवळले. जळक्या हाडाचा वास आला. मी माझ्या हातानं त्याचा दंड फिरवून बघितला, आत आणि बाहेर, जोर लावून. काही हललं नाही.

उन्हाळा संपता संपता त्याचं मनगट उचललं जाऊ लागलं. पावसाळ्यात तो शेवटचा दाखवायला आला तेव्हा मी त्याला माझ्या दोन्ही हातांविरुद्ध दंड आत फिरवायला सांगितला. त्यानं फिरवला आणि मी खुर्चीसकट पुढे ओढले गेले. काशीबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी ते बघितलं. मी कागदावर लिहिलं, ताकद पूर्ववत. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी मला काय लिहिलं ते विचारलं नाही. मुलाच्या खांद्यावरची पिशवी स्वतःकडे घेतली आणि त्याच्या पुढं चालायला लागल्या.